बिग पिटचे न्हाणीघर

साऊथ वेल्समधल्या ब्लेनाव्हॉन गावात बिग पिट नावाची जुनी कोळसा खाण आहे. १९८० साली ती बंद झाली. आता तिथे संग्रहालय आहे. कार्डिफला नणंदेकडे गेलो असताना आम्ही ती पाहून आलो. घड्याळ, मोबाईल वरच ठेवायचे, डोक्याला दिवा लावायचा आणि पिंजऱ्यासारख्या लिफ्टने नव्वद मीटर खाली उतरायचे. अंधार पाहिला, घोड्यांचे तबेले पाहिले. मनात राहिले ते मात्र वरचे न्हाणीघर.

गरम पाण्याचे फवारे, कपडे वाळावेत म्हणून गरम हवा खेळवलेली कपाटे. हे सुरू झाले १९३९ साली.

तोपर्यंत, म्हणजे जागतिक मंदीची सगळी वर्षे, कामगार काळाकुट्ट होऊन घरी यायचा. बायको पाणी तापवून शेगडीसमोरच्या पत्र्याच्या टपात ओतायची. आधी बाप, मग बरेचदा त्याच पाण्यात मुलगे. बाप-लेकांच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्या, तर तिला दिवसातून तीनदा हेच करावे लागे. ओले कपडे वाळायचे त्याच खोलीत, जिथे रांधायचे आणि तान्हे मूल निजायचे. जड भांडी उचलून बायकांचे गर्भपात होत, उकळते पाणी सांडून मुले दगावत. खाणकामगाराची लेक असलेल्या एलिझाबेथ अँड्र्यूज यांनी १९१९ सालीच लंडनला सरकारी आयोगापुढे हे मांडले होते. मागणी एवढीच, की खाणीवरच आंघोळीची सोय करा. ब्लेनाव्हॉनपर्यंत ती पोहोचायला वीस वर्षे लागली!

ही काम असलेल्यांची गोष्ट. बेकारांच्या घरी वेगळेच संकट होते. १९३१ पासून घरातल्या सर्वांची मिळकत मोजून बेकारभत्ता ठरू लागला. तपासनीस घरात येऊन चौकशी करायचा. मुलीला नोकरी लागली, की बापाचा भत्ता कापला जायचा. आपल्याकडे लेकरू कमावते झाले की अम्मी शुक्र अदा करते. तिथे काही कमावती मुले घर सोडून परक्याकडे भाड्याने राहायला गेली, बापाचा भत्ता वाचावा म्हणून.

हे वाचून नणंद बराच वेळ त्या फवाऱ्यांपाशी उभी होती. जोहरची वेळ झाली, तेव्हा आम्ही बाहेरच्या नळावर वुजू केले. नळाला गरम पाणी होते.