आजींच्या गॅरेजमधला खड्डा

ओक्लाहोमातला माझा पहिला शनिवार. सप्टेंबर २०१२. दुपारी बरोबर बारा वाजता मी निवांत दाढी करत होतो आणि अचानक शहरभर भोंगे वाजायला लागले. युद्धाच्या सिनेमात वाजतात ना, तसे. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून मी बाहेर धावलो. शेजारच्या आजी शांतपणे कुंड्यांना पाणी घालत होत्या. माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "टेस्ट आहे. दर शनिवारी बाराला होते. खरा वाजेल तेव्हा तुला विचारावं लागणार नाही."

त्यांना नावानं हाक मारायची तिथली पद्धत. आमच्या जिभेला ते जमेना, म्हणून मी आणि बायको आपसांत त्यांना आजीच म्हणायचो. मी ऑनसाइट गेलो होतो. ऑफिस ओक्लाहोमा सिटीच्या डाउनटाउनमध्ये आणि घर तिथून सोळा-सतरा किलोमीटर दक्षिणेला, मूर नावाच्या छोट्या शहरात. भाडं कमी, घराला अंगण, आय-३५ हायवे हाताशी. आणखी काय हवं?

मूरची ख्याती मला नंतर कळली. ३ मे १९९९ला याच गावावरून एक टॉर्नेडो गेला आणि त्यात ३६ माणसं दगावली. त्यात रडारनं मोजलेला वारा ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास होता. २००३मध्ये पुन्हा एक आला, २०१०मध्ये पुन्हा. आजींचं १९९९चं घर गेलं, त्यांनी त्याच जागेवर दुसरं बांधलं. फक्त या वेळी गॅरेजच्या फरशीत पोलादी पेटी पुरून घेतली. वर सरकतं झाकण, आत उतरायला चार पायऱ्या, बसायला दोन बाकं. एरवी त्यावर गाडी उभी. तिथली माती लाल आणि चिकट, त्यामुळे घरांना तळघरं फारशी नसतात. ज्याला परवडतं तो असा खड्डा करून घेतो.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे किनाऱ्यावर येतं तसं चक्रीवादळ?" नाही, आई. चक्रीवादळ शेकडो किलोमीटरचं असतं, दोन-चार दिवस आधी त्याची बातमी येते. टॉर्नेडो म्हणजे आपल्या माळावरची वावटळ, पण ढगातून उतरलेली आणि माजलेली. वसंतात मेक्सिकोच्या आखाताकडून दमट गरम हवा येते, पश्चिमेकडून कोरडी, वर थंड वारे. मध्ये अडवायला डोंगर नाही. दुपार कलली की ढग उभे राहतात आणि त्यांतला एखादा फिरायला लागतो. त्याचा पट्टा अरुंद, खेळ काही मिनिटांचा. एका गल्लीत भिंत उरत नाही आणि पलीकडच्या गल्लीत दोरीवरचे कपडे तसेच असतात.

ऑफिसातल्या लोकांनी मला दोन शब्द शिकवले. 'वॉच' म्हणजे आज टॉर्नेडो होऊ शकतो, कान उघडे ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे तो दिसलाय किंवा रडारवर सापडलाय, आत्ता लपा. मी मान डोलावली. मुंबईकर माणूस, २६ जुलै २००५चा पाऊस अंगावर घेतलेला. हे आपल्याला काय घाबरवणार?

सोमवार, २० मे २०१३

दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी वॉर्निंग आली. २ वाजून ५६ मिनिटांनी तो जमिनीला टेकला. मध्ये सोळा मिनिटं. आमच्या मजल्यावर सगळे टीव्हीसमोर गोळा झाले. हेलिकॉप्टरमधून काळा खांब दिसत होता आणि खाली नकाशावर गल्ल्यांची नावं सरकत होती. त्यात माझ्या घराजवळचा सिग्नल होता. मी फोन लावत राहिलो, लागेना. तेवढ्यात बायकोचा एसएमएस आला, "आजींच्या खड्ड्यात आहे." त्यानंतर काहीच नाही.

सुमारे चाळीस मिनिटं तो जमिनीवर होता. मी चारला निघालो. आय-३५ बंद. मिळेल तिथे गाडी लावली आणि शेवटचे पाच किलोमीटर चाललो. कापलेल्या ओल्या लाकडाचा आणि गॅसचा वास. झाडांना पानं नव्हती, फांद्यांना भिंतींतला गुलाबी कापूस लटकलेला. गाड्या एकमेकींवर चढलेल्या. रस्त्यांच्या पाट्याच उडाल्यामुळे रोजचा रस्ता ओळखू येत नव्हता. लोक उरलेल्या भिंतींवर रंगाच्या डब्यानं आपले घर नंबर लिहीत होते, शोधायला येणाऱ्यांना कळावेत म्हणून.

आमच्या दोन गल्ल्या पलीकडून तो गेला होता. आमचं छप्पर अर्धं सोललेलं, काचा फुटलेल्या. बायको आजींच्या पायरीवर बसली होती, केसांत धूळ. मला बघून म्हणाली, "डाळ कुकरमध्येच राहिली रे." मग रडली.

आवाज कसा होता, असं मी नंतर तिला विचारलं. डोंबिवलीची मुलगी ती. म्हणाली, "फलाटावरून न थांबता मेल जाते ना, तसा. फक्त ती गाडी संपतच नव्हती. आजी माझा हात धरून आकडे मोजत होत्या."

त्या दिवशी २४ माणसं गेली. त्यांतली सात मुलं प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेत होती. त्या शाळेत तेव्हा सुरक्षित निवारा नव्हता. पुढे काही दिवस वहीपेन घेतलेले तज्ज्ञ गल्लीगल्लीत फिरत होते. टॉर्नेडोची श्रेणी बहुतेक वेळा अशीच ठरते, मागे राहिलेली पडझड बघून. याला सगळ्यांत वरची मिळाली, ईएफ-५.

शुक्रवार, ३१ मे २०१३

खरी गोष्ट आता सुरू होते. ती सांगायला मला आजही लाज वाटते.

अकरा दिवस आम्ही ताडपत्रीखाली राहत होतो. जोराचा वारा सुटला तरी बायको दचकून उठायची. त्या संध्याकाळी पुन्हा वॉर्निंग आली. पश्चिमेला एल रिनोजवळ सहाच्या सुमारास एक टॉर्नेडो उतरला होता आणि ते वादळ शहराच्या दिशेनं येत होतं. माझ्यातला शहाणा मुंबईकर कुठल्या कुठे पळाला. मी पासपोर्टची बॅग घेतली, बायकोला गाडीत बसवलं. आजी दारात आल्या. म्हणाल्या, "जाऊ नका. खड्ड्यात या."

"इथे थांबणं म्हणजे वेडेपणा आहे," मी त्यांना म्हणालो. अगदी याच शब्दांत. आणि गाडी काढली.

मी एकटा नव्हतो. २० मे पाहिलेलं अख्खं शहर तेच करत होतं. दक्षिणेकडे जाणाऱ्या आय-३५वर नॉर्मनच्या अलीकडे आम्ही अडकलो. पुढे गाड्या, मागे गाड्या, बाजूच्या शोल्डरवरही गाड्या. आकाश हिरवट काळं. मग गारा पडायला लागल्या. कुठूनतरी भोंगा ऐकू येत होता. त्या क्षणी टॉर्नेडो रस्त्यावर आला असता तर आम्ही हजारो माणसं पत्र्याच्या डब्यांत बसून त्याची वाट बघत होतो. बायको एक शब्द बोलली नाही. तिनं फक्त सीटबेल्ट काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

तो शहरात पोचण्याआधीच विरला. नशीब, दुसरं काय! त्याची रुंदी ४.२ किलोमीटर भरली, तोवर नोंदलेल्यांत सर्वांत जास्त. त्यानं घेतलेले आठही बळी गाड्यांमध्ये होते. त्यांत टिम समारास यांच्यासारखे आयुष्यभर टॉर्नेडोचा अभ्यास केलेले संशोधकही होते. त्याच रात्रीच्या पुरानं ओक्लाहोमा सिटी परिसरात आणखी माणसं नेली.

गाडीत बसल्या बसल्या मला सारखा २६ जुलै आठवत होता. त्या दिवशी मी बस सोडून चालत निघालो होतो आणि कुर्ल्यात एका अनोळखी घरानं मला रात्रभर ठेवून घेतलं. पाणी चढलेल्या गाड्यांत अडकून लोक गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणजे हा धडा मी एकदा शिकलो होतो. वादळ माहीत नसतं तेव्हा माणूस बेफिकीर असतो, हे खरं. पण एकदा बघितल्यावर जी भीती बसते, ती त्याहून धोकादायक. ती तुम्हाला सुरक्षित जागेतून उठवून रस्त्यावर नेते.

मध्यरात्री घरी परतलो. आजींच्या गॅरेजमध्ये दिवा होता. मी सॉरी म्हणायला गेलो. त्या बाकावर बसून कॉफी पीत होत्या. खड्ड्याचं झाकण उघडंच होतं. म्हणाल्या, "भोंगा थांबेपर्यंत उघडं ठेवलं होतं. म्हटलं, कदाचित परत फिराल."

सत्तरीच्या बाईनं त्या आभाळाखाली आमच्यासाठी झाकण उघडं ठेवलं होतं. मला काही बोलताच येईना. आत भिंतीवर मार्करनं नावं लिहिलेली दिसली. त्यांचं, त्यांच्या कुत्र्याचं आणि खाली चुकीच्या स्पेलिंगमध्ये आमची दोघांची.

तुम्ही जाणार असाल तर

एप्रिल ते जून तिकडे ऑनसाइट जाणार असाल, तर घर बघताना पार्किंगआधी निवाऱ्याचं विचारा. नसेलच, तर सगळ्यांत खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली आतली खोली हेरून ठेवा. बाथरूम किंवा कपड्यांचं कपाट चालतं. तिथे हेल्मेट आणि बंद बूट ठेवा, कारण नंतर चालायचं असतं ते काचांवरून. हायवेवरच्या पुलाखाली कधीही लपू नका, १९९९मध्ये लोक तिथेही गेले आहेत. नॉर्मनला नॅशनल वेदर सेंटर आहे, ती इमारत जरूर बघा. मूरमध्येही थांबा. २०१४मध्ये या गावानं नवीन घरांसाठी ताशी २१७ किलोमीटर वाऱ्याला टिकेल असा बांधकामाचा नियम केला. प्लाझा टॉवर्स शाळाही त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली, निवाऱ्यासकट.

आणि पहिल्याच आठवड्यात शेजारची बेल वाजवा. आम्ही पुण्यात परतलो तेव्हा कुकर आजींना देऊन आलो. आता इथे सोसायटीत आम्ही नवीन भाडेकरूंकडे स्वतःहून जातो, नाव विचारतो. बायको ते फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवते. स्पेलिंग चुकलं तरी चालतं.