चिकपेटेतली ‘चौकासी’

एखाद्या अख्ख्या शहराचा सौदा व्हावा आणि तो मराठी माणसाने करावा, हे ऐकायला गमतीचे वाटते. पण बंगळूरच्या बाबतीत तसे घडलेले आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने केम्पेगौडाच्या वंशजाकडून हे गाव घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे राजांचे चिरंजीव व्यंकोजी तंजावरला स्थिरावले. तिथून इतक्या लांबचे ठाणे सांभाळणे जड जाऊ लागले, तेव्हा म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांशी तीन लाख रुपयांत व्यवहार ठरला, असे विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. देण्याघेण्याची बोलणी चालू असतानाच १६८७ मध्ये मोगल सरदार कासीम खान येऊन धडकला. त्याने गाव ताब्यात घेतले आणि तेच गाव, त्याच किमतीला, त्याच गिऱ्हाइकाला विकले!

जे शहर स्वतःच भाव करून विकले गेले, त्याच्या जुन्या पेठेत साडीच्या भावावरून घासाघीस व्हावी यात नवल ते काय? आपल्याकडे लग्न ठरले की निम्मी मंडळी येवल्याला धाव घेतात आणि निम्मी ‘बंगळूरला स्वस्त मिळते’ म्हणून गाडीत बसतात. मुंबई-पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरला आणून सोडते. स्टेशनपासून चिकपेट हाकेच्या अंतरावर, आणि २०१७ पासून तर मेट्रोच थेट पेठेच्या पोटात उतरवते. खरा प्रश्न असतो तो तिथून पुढचा. समोर घडीवर घडी उलगडत जाते, आकडे कानावर पडत जातात आणि यातला खरा भाव कोणता, हे काही केल्या कळत नाही.

केम्पेगौडाने १५३७ मध्ये हे शहर वसवले तेव्हा दोड्डपेट आणि चिक्कपेट यांच्या चौकातून चार दिशांना चार नांगर हाकले आणि ते थांबले तिथे वेशी बांधल्या, अशी आख्यायिका आहे. दोड्डपेट म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड. भोवतीच्या पेठांची नावे त्या त्या धंद्यावरून पडलेली. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्किपेट. बळे म्हणजे बांगडी, म्हणून बळेपेट. कुंभारांची ती कुंबारपेट. आपल्या पुण्याच्या अनेक पेठा वारांच्या नावाने ओळखल्या जातात, इथल्या मालाच्या नावाने. रस्ते इतके अरुंद की हातगाडी, स्कूटर, डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल आणि नवी नवरी एकाच वेळी समोरासमोर आली तर तिघांनी थांबायचे आणि हमालाने पुढे जायचे, हा अलिखित नियम.

या पेठेत एक शब्द सारखा कानावर येतो, ‘चौकासी’. कानडीत त्याचा अर्थ घासाघीस, भाव करणे. आपल्या ‘चौकशी’चाच हा भाऊबंद. शब्द सीमेपलीकडे गेला आणि अर्थाने थोडी कूस बदलली. पण विचार केला तर दोन्ही अर्थ एकाच कामाचे आहेत. ज्याने आधी चौकशी केली, त्यालाच पुढे चौकासी साधते. बाकीचे नुसतेच ‘कमी करा, कमी करा’ म्हणत बसतात आणि दुकानदार आधीच चढवून ठेवलेल्या भावातले थोडे उतरवून त्यांना खूश करून पाठवतो.

चौकशीला सुरुवात करायची ती दुकानाच्या बाहेर, बऱ्याच लांबून. बंगळूरहून म्हैसूरच्या वाटेवर सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगर लागते. ‘शोले’मधले खडक पाहायला लोक तिथे उतरतात. पण त्याच गावात रेशमाच्या कोषांचा मोठा सरकारी बाजार भरतो. आशियातल्या सर्वांत मोठ्या कोष-बाजारांत त्याची गणना होते. अळी पंचवीस-सव्वीस दिवस तुतीचा पाला खाते, मग स्वतःभोवती एकाच सलग धाग्याचा कोष विणते. शेतकरी ते कोष घेऊन येतात, सूत काढणारे मूठभर कोष हातात घेऊन, दाबून, हलवून पाहतात आणि लिलावात बोली लावतात. एक किलो रेशमासाठी सुमारे सहा ते आठ किलो कोष लागतात. अर्धा किलो रेशमाची साडी म्हटली की तीन-चार किलो कोष त्यातच गेले. त्यावर सूत पिळणे, रंगवणे, जर, विणकराची मजुरी, वाहतूक, आणि शेवटी दुकानदाराचा नफा. एवढी बेरीज डोक्यात असली की ‘अस्सल रेशीम, फक्त आठशेला’ म्हणणाऱ्या पाटीपुढून हसून पुढे जाता येते.

चौकशीचा दुसरा मुक्काम म्हणजे कर्नाटक सरकारच्या रेशीम महामंडळाचे दुकान. म्हैसूरचा हा रेशीम कारखाना १९१२ मध्ये महाराजा कृष्णराज वडियारांच्या काळात सुरू झाला. त्यांच्या जरीत ६५ टक्के चांदी आणि ०.६५ टक्के सोने असते, प्रत्येक साडीवर क्रमांक असतो आणि भाव ठरलेला. तिथे चौकासी चालत नाही. तिथली साडी घ्या किंवा न घ्या, पण ती हातात धरून तिचा पोत, वजन आणि भाव मनात साठवून घ्या. सोनाराकडे कसोटीचा दगड असतो ना, तसा हा आपला दगड. मग चिकपेटेत कोणी ‘हीसुद्धा तशीच’ म्हणाले की तशी आहे की नाही, हे आपल्या बोटांनाच कळते.

आमच्या वहिनींनी लेकीच्या लग्नाचा बस्ता इथे बांधला, तेव्हा मी पिशव्या धरायला बरोबर होते. दादांच्या ग्रॅच्युइटीतून काढून ठेवलेली ठरावीक रक्कम, त्यात एक शालू, एक पैठणी आणि मानपानाच्या अकरा साड्या बसवायच्या. गादीवर आम्हाला बसवून शेठजींनी कॉफी मागवली. दुकानातला वयस्कर माणूस ‘अक्का, हे बघा, ते बघा’ करत घड्या उलगडू लागला. एका पैठणीवर आमच्या सगळ्यांचेच डोळे खिळले. डाळिंबी रंग, पदरावर मोर.

‘बावीस हजार,’ शेठजी म्हणाले. ‘तुमच्यासाठी अठरा.’

वहिनींनी भावाबद्दल अक्षर काढले नाही. पदर उलटा केला आणि मागची बाजू बोटाने चाचपली. मागे मोराच्या पाठीशी सुटे धागे होते.

‘शेठजी, ही मागावरची की यंत्रावरची?’

शेठजी क्षणभर थांबले. मग हसून म्हणाले, ‘अक्का, तुम्ही येवल्याकडच्या काय?’

भाव पुढे नऊ हजारांवर आला. त्या नऊ हजारांत लबाडी नव्हती. साडी शुद्ध रेशमाची होती, रंगही सुंदर होता. फक्त ती यंत्रमागावरची होती आणि तिचा भाव हातमागाचा सांगितला गेला होता. हातमागाच्या खऱ्या पैठणीची ओळख हीच, की पदरावरची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते. लोंबते, कापलेले धागे मागे नसतात. विणकर एकेका रंगाचा धागा हाताने गुंतवून मोर उभा करतो, त्यात आठवडे जातात, पदर भरजरी असेल तर महिने जातात. बंगळूरच्या यंत्रमागावर तसाच दिसणारा मोर झटपट उतरतो. दोन्ही विकत घेण्यासारख्या आहेत, पण एकीचा भाव दुसरीला दिला तर गिऱ्हाईक फसते आणि येवल्याचा विणकरही मागे पडतो. स्वस्तातली ‘पैठणी’ पाहून आलेले गिऱ्हाईक मग त्याच्या दारात त्याच्या महिन्याच्या मेहनतीवर घासाघीस करू लागते.

जरीचेही तसेच. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचे पाणी दिलेले असते. ‘टेस्टेड’ जर म्हणजे आत तांब्याची तार. आणि सर्वांत हलकी ती प्लॅस्टिकची. नावे तिन्हींची ‘जरी’च! म्हणून ‘जरीची आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी, ‘कोणत्या जरीची?’ असे विचारावे. रेशमाबद्दल शंका असेल तर पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा मागून घ्यावा. जाळल्यावर केस जळल्यासारखा वास आला आणि राख चिमटीत चुरली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन-पॉलिएस्टर. केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्यालय याच शहरात आहे. त्याने २००४ पासून ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी सुरू केली. ती असली तर रेशमाची खात्री होते. पण लक्षात ठेवा, ती चिठ्ठी फक्त रेशमाबद्दल बोलते. साडी हातमागाची आहे की नाही, जर कोणती आणि भाव वाजवी की अवाजवी, याबद्दल ती मुकी असते.

आता प्रत्यक्ष बोलणी. वहिनींनी त्या दिवशी जे केले, ते मी मनात टिपून ठेवले. रिक्षावाल्याने सुचवलेल्या दुकानात त्या गेल्याच नाहीत. पोचवणाऱ्याची दलाली असली तर ती साडीच्याच किमतीत बसणार. घासाघीस सुरू करण्यापूर्वी तीन दुकाने पाहिली आणि प्रत्येक साडीपुढे वहीत रेशीम, जर, माग आणि भाव असे चार रकाने भरले. मनातली रक्कम कोणालाच सांगितली नाही. ‘तुमचं बजेट किती?’ या प्रश्नावर ‘आधी माल तर पाहू’ एवढेच उत्तर. लेकीला आधीच बजावले होते, की आवडली तरी ‘आई, हीच!’ असे ओरडायचे नाही. आणि मानपानाच्या अकरा साड्यांचा विषय त्यांनी अगदी शेवटी काढला. शालू-पैठणीचा भाव ठरत आल्यावर म्हणाल्या, ‘या अकराही इथूनच घेते, पण मग घाऊक भाव लावा.’ एकेका साडीवर शंभर रुपयांसाठी भांडण्यापेक्षा या एका वाक्याने जास्त काम केले.

सौदा पटल्यावर पक्के बिल मागितले आणि त्यावर ‘शुद्ध रेशीम, टेस्टेड जर, यंत्रमाग’ असे लिहून घेतले. शेठजींनी तक्रार न करता लिहून दिले. जो दुकानदार हे लिहून द्यायला कचरतो, त्याचा भाव कितीही कमी असो, तिथून उठावे. कानडी येत नसले तरी ‘स्वल्प कडिमे माडि’, म्हणजे ‘थोडे कमी करा’, एवढे पाठ करून जावे. आपला ‘स्वल्प’ तिथे भेटला की परकेपणा निम्मा होतो आणि दुकानदारही हसतो.

मात्र वहिनींनी सगळीकडे भाव केला नाही. परतताना कृष्णराजेंद्र मार्केटात मोगऱ्याचे गजरे घेतले. तिथे फुले ‘मोळ’ मापाने मिळतात. विकणारीच्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची माळ म्हणजे एक मोळ. बाईचा हात आखूड होता. लेक हळूच म्हणाली, ‘आई, दुसरीकडे लांब हाताची बाई बघू या ना!’ वहिनींनी तिला डोळ्यांनीच दटावले, सांगितला तो भाव दिला आणि चार मोळ फुले पदरात घेतली. मग आम्ही बळेपेटेत सागू मसाला डोसा खायला गेलो.

त्या लग्नात डाळिंबी पैठणी सगळ्यांनी वाखाणली. ‘येवल्याची का?’ असे कोणी विचारले की वहिनी सरळ सांगत, ‘नाही हो, बंगळूरच्या यंत्रमागाची. नऊ हजारांची.’ दोन वर्षांनी धाकटीचे ठरले, तेव्हा मात्र त्यांनी महिन्याकाठी पैसे बाजूला टाकले, येवल्याला एका विणकराच्या घरी जाऊन पैठणी सांगून आल्या आणि मागावर बसलेल्या त्याच्या बायकोशी तासभर बोलत राहिल्या. भाव त्याने एकदाच सांगितला, वहिनींनी एकदाच ऐकला आणि आगाऊ रक्कम त्याच्या हातावर ठेवली.