रहीमसाहेबांचे प्रगतिपुस्तक

जगात दोन माणसांच्या कामाची पारख आपल्याला बसल्या जागी करता येते, अशी बहुतेकांची ठाम समजूत असते. एक शाळामास्तर आणि दुसरा फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. डॉक्टरने औषध बदलले की आपण मुकाट्याने नवी बाटली आणतो. वकिलाने पुढची तारीख घेतली की मान डोलावतो. पण मास्तरांचा निकाल खाली आला, किंवा संघ लागोपाठ तीन सामने हरला, की पानाच्या ठेल्यापासून देवळाच्या कट्ट्यापर्यंत सगळेच परीक्षक होतात. निकाल वर, तर माणूस मोठा. निकाल खाली, तर माणूस कुचकामी! इतका सोपा हिशेब किराणा मालाच्या दुकानातसुद्धा चालत नाही.

मी पेशाने मास्तर असल्यामुळे हा हिशेब मला अंमळ जास्तच बोचतो. निकालाच्या दिवशी फळ्यावर टक्केवारी लिहिली जाते आणि त्या दोन आकड्यांत माझे वर्षभराचे बरेवाईट बसवले जाते. एखाद्या वर्षी हुशार तुकडी वाट्याला येते. मी वर्षभर झोपा काढल्या असत्या तरी ती उत्तीर्ण झालीच असती. पण त्या वर्षी मला नारळ मिळतो. एखाद्या वर्षी मजुरीचे दिवस सांभाळून शाळेत येणारी पोरे समोर बसतात. जून महिन्यात अक्षर लावून वाचणारा पोरगा मार्चमध्ये पानभर न अडखळता वाचतो आणि गणितात नापास होतो. त्या वर्षी मला लेखी कारणे विचारली जातात.

म्हणून की काय कोण जाणे, पण सय्यद अब्दुल रहीम हे नाव मला फार जवळचे वाटते. २०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट आला, तेव्हा घरोघरच्या मुलांना ते ठाऊक झाले. हैदराबादच्या शाळांतून शिकवणारा हा मास्तर. पुढे हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाती आला, आणि त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ अशी पाच वर्षे ओळीने जिंकला. मुंबईच्या जुन्या शौकिनांना हे नाव त्यामुळेच परिचयाचे. भारताच्या संघाचेही ते प्रशिक्षक झाले. आता आपण त्यांचे प्रगतिपुस्तक उघडून पाहू.

पहिलेच पान सोन्याचे. १९५१ साली दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या. अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलावर भारताने इराणला १-० असे हरवले आणि सुवर्णपदक मिळवले. झाले, प्रशिक्षक थोर! पण पान उलटताच १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक येते. युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले, आपला एक. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत होते. आता सांगा, वर्षा-दीड वर्षात हा मास्तर शिकवायचे विसरला काय? तसे काही नव्हते. दिल्लीत फुटबॉलला अवघे सहा संघ होते, तेही आशियातले. हेलसिंकीत समोर उभा होता त्या वर्षी रौप्यपदक मिळवणारा संघ. विद्यार्थी तेच होते; प्रश्नपत्रिका बदलली होती.

चार वर्षांनी मेलबर्न. भारत चौथा! आजवरच्या आपल्या फुटबॉलमधली ऑलिंपिकची ही सर्वांत वरची पायरी. मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने यजमान ऑस्ट्रेलियावर एकट्याने तीन गोल केले आणि आपण ४-२ असे जिंकलो. पण खरे सांगायचे तर चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचायला हा एकच विजय पुरला. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती, आणि हंगेरीने माघार घेतली. उपांत्य सामना हरलो, ब्राँझसाठीचा सामना बल्गेरियाकडून ३-० असा हरलो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे कुणी म्हटले तर त्याचे तोंड कसे धरणार?

पण मी मास्तर आहे. टक्केवारीपेक्षा उत्तरपत्रिका पाहण्याची मला खोड आहे. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच होता. खेळाडू बदललेले होते, तरी ताकद तीच. त्याही वर्षी त्यांनी रौप्यपदकच घेतले. आधीच्या फेरीत त्यांनी अमेरिकेचा ९-१ असा फडशा पाडला होता. त्यांच्याविरुद्ध पहिला गोल भारताने केला! शेवटी आपण ४-१ असे हरलो, पण दहा-एक आणि चार-एक यांत जे अंतर आहे, ते पदकांच्या यादीत कुठेच लिहिलेले नाही. दोन्हीकडे शेरा एकच: पराभूत.

माझे एक स्नेही आमच्याच शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. ते एकदा मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही मुळात मऊ. पराभवाचंसुद्धा कौतुक करता. अहो, हरला तो हरला!”

मी म्हटले, “सर, तुमच्याकडे ताप आलेला मुलगा आणला, तर तो आज बरा दिसतो एवढ्यावर वैद्याला श्रेय द्याल का? काही ताप औषधावाचूनही उतरतात.”

तापाचा हा मुद्दा मोठा आहे. संघाचे अगदी वाईट दिवस आले की जुना प्रशिक्षक जातो आणि नवा येतो. अगदी वाईट दिवसांनंतर थोडे बरे दिवस बहुधा आपोआपच येतात. नव्या माणसाच्या गळ्यात हार पडतात. सुंठीवाचून खोकला गेला, पण सुंठीचा भाव वाढला! उलट एखादा माणूस संघ मुळापासून घडवत असतो. घडण चालू असताना चेंडू खांबाला लागून बाहेर जातो, पंच चुकतो, चांगला खेळाडू पाय मुरगळून बसतो, आणि त्याच्या कपाळी ‘अकार्यक्षम’ असा शिक्का बसतो. हरणे-जिंकणे हे पावसासारखे आहे. एका वर्षाच्या पिकावरून शेतकऱ्याची अक्कल मोजू नये.

मग मोजायचे कशावरून? मला वाटते, संघ कसा हरतो यावरून. रहीमसाहेबांच्या प्रगतिपुस्तकातले माझे सर्वांत आवडते पान सुवर्णपदकाचे नव्हे. ते आहे १९६० च्या रोम ऑलिंपिकचे, जिथे भारत आपल्या गटात सर्वांत शेवटचा आला! मेलबर्नला चौथा आणि रोमला गटाच्या तळाला, म्हणजे घसरगुंडीच की नाही? पण पाहा: ज्या हंगेरीने पूर्वी माघार घेतली होती, तो संघ या वेळी मैदानात उतरला, आणि आपण १-२ असे हरलो. त्याच हंगेरीने पुढे ब्राँझपदक नेले. फ्रान्सविरुद्ध पी. के. बॅनर्जीच्या गोलाने आपण खेळ संपत येईपर्यंत पुढे होतो. सामना १-१ असा सुटला. पेरूकडून मात्र १-३ असे हरलो. एकही विजय नाही, पण एकदाही दाणादाण नाही. चौथ्या आलेल्या संघापेक्षा हा तळाचा संघ अधिक शिकलेला होता, असे माझे मत आहे.

हे शिक्षण आले कुठून? ज्या पायाने खेळायची सवय नाही, त्याच पायाने खेळायचे, असे सामने रहीमसाहेब भरवीत. चेंडू पायात घोळवत बसायला बंदी असलेले सामनेही ते भरवीत. असल्या सामन्यांना टाळ्या वाजत नाहीत आणि वर्तमानपत्रात रकाने येत नाहीत. अडखळत वाचणाऱ्या पोराकडून रोज एक पान मोठ्याने वाचून घ्यावे, तशातलाच हा प्रकार. कालपर्यंत जे येत नव्हते ते आज येते का, हा एकच प्रश्न त्यात असतो.

आणि मग १९६२ चे जाकार्ता. इथे नशिबाने जणू मुद्दाम परीक्षा मांडली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरवले. पुढे आपण थायलंडला आणि जपानला हरवले, पण बचावातला भक्कम गडी जर्नेलसिंग याचे डोके फुटून टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला घरी न बसवता बचावातून काढून आघाडीवर आणले! उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरवले. अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया. राजकीय वादावरून चिडलेले प्रेक्षक भारताची हुर्यो उडवत होते. त्या गदारोळात बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी एकेक गोल केला, आणि आपण २-१ असे जिंकलो. स्पर्धा तीच, प्रतिस्पर्धी तोच, दिवस गेले होते जेमतेम दहा. याहून स्वच्छ मोजमाप शिक्षणाच्या जगात मला तरी ठाऊक नाही.

तेव्हा कर्करोगाने रहीमसाहेबांना ग्रासले होते. जून १९६३ मध्ये ते गेले.

त्यांच्यामागे १९७० साली आशियाई स्पर्धेत आपल्याला एक ब्राँझ मिळाले; त्यानंतर फुटबॉलचे एकही पदक नाही. रोमनंतर ऑलिंपिकच्या फुटबॉल मैदानात आपला संघ उतरलेला नाही. माझे खेळशिक्षक स्नेही इथे मला पुन्हा पकडतात. “खरा मास्तर तो, ज्याच्यामागे शाळा चालते. मग तुमच्या रहीमसाहेबांनी मागे ठेवलं काय?”

प्रश्न खोटा नाही. त्यावर मी इतकेच म्हणतो की, मास्तराने वर्गाचा हिशेब द्यावा. शाळेचा हिशेब शाळेने द्यायचा असतो. त्यांच्या वर्गातला पी. के. बॅनर्जी पुढे स्वतःच नामांकित प्रशिक्षक झाला आणि कोलकात्याच्या मैदानांवर त्याने पोरांच्या पिढ्या घडवल्या. एका मास्तराच्या आयुष्यात याहून अधिक काय मावणार? विहीर खणणाऱ्याने पाणी लावून दिले. पुढे गाळ कुणी काढला नाही, याचा जाब त्याला कसा विचारायचा?

या सुटीत तुमच्या घरी कुणी आपल्या आवडत्या संघाच्या प्रशिक्षकाला तावातावाने घालवून देऊ लागेल. तेव्हा फराळाचे ताट पुढे सरकवून त्याला एवढेच विचारा: “बाबा रे, तुझा संघ गेल्या वर्षी कसा हरत होता, आणि यंदा कसा हरतो?”

उत्तर देता आले, तर त्याने खेळ पाहिला आहे. नाही तर त्याने नुसता फळा पाहिला आहे.