फ्रॉगमोरची कोळंबी आणि आमचं पाकीट

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करते. 'फ्रॉगमोर स्ट्यू'मध्ये फ्रॉग नसतो. आणि खरं सांगायचं तर तो स्ट्यूसुद्धा नसतो. रस्सा नाही, ग्रेव्ही नाही, काटे-चमचे नाहीत. असतं ते एक लांबलचक टेबल, त्यावर अंथरलेली वर्तमानपत्रं आणि त्यांवर ओतलेला कोळंबी, मका, बटाटे आणि सॉसेजचा वाफाळता ढीग. माणसं दोन्ही बाजूंनी उभी राहतात आणि तुटून पडतात. बस्स!

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये मी अटलांटाला मावसभावाकडे गेले होते. दादाच्या ऑफिसातल्या एका मित्राच्या घरी त्या वीकेण्डला सगळं खानदान जमणार होतं. त्याचं गाव म्हणजे साउथ कॅरोलिनातलं सेंट हेलिना बेट. "चाळीसेक माणसं असतील, उघड्यावर कोळंबी उकडणारेत, येतेस?" दादाने विचारलं. आमच्या घराण्यात कोळंबीला 'नाही' म्हणायची पद्धत नाही. मी बॅग भरायला घेतली.

पण कुणाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं? हा आपला टिपिकल मराठी प्रश्न. वहिनीने तोडगा काढला. जाता जाता एका मोठ्या स्टोअरमधून फ्रोजन कोळंबीचं दोन किलोचं पाकीट घेतलं आणि बर्फाच्या डब्यात टाकलं. पाकिटावर काय लिहिलंय ते कुणीच वाचलं नाही. इथेच चुकलं.

पुलापलीकडचं बेट

अटलांटापासून साधारण साडेचारशे किलोमीटर. ब्यूफर्ट नावाचं टुमदार गाव लागतं, मग पूल, एक बेट, पुन्हा पूल आणि सेंट हेलिना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओकची प्रचंड झाडं आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं राखाडी स्पॅनिश मॉस. मध्येच गवताळ खाड्या दिसतात. ओहोटीच्या वेळी चिखलाचा असा काही वास सुटतो की डोळे मिटले तर आपण आपल्याच खाडीकाठी उभे आहोत असं वाटावं! 'फॉरेस्ट गंप' पाहिलाय ना? १९९४च्या त्या सिनेमातलं गाव अलाबामातलं दाखवलंय, पण शूटिंगचा बराच भाग याच ब्यूफर्टच्या आसपास झालाय.

हे बेट गुल्ला लोकांचं. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. आधी नीळ आणि मग कापसाचे मळे त्यांच्याच घामावर उभे राहिले. यादवी युद्ध चालू असतानाच, १८६२मध्ये, गुलामीतून सुटलेल्यांसाठी इथे पेन स्कूल सुरू झालं. त्याचंच आज पेन सेंटर झालंय. १९६०च्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग इथे आपल्या सहकाऱ्यांच्या बैठका घ्यायचे. बेटावरच्या लोकांनी आपली भाषा जपली, टोपल्या विणणं जपलं आणि खाडीत जाळं फेकणंही जपलं.

फ्रॉगमोर ही याच बेटावरची एक वस्ती. स्ट्यूची गोष्ट अशी सांगतात की, १९६०च्या दशकात इथला मासे व्यावसायिक रिचर्ड गे याच्यावर ब्यूफर्टला नॅशनल गार्डच्या जवानांना जेवू घालायची वेळ आली. हाताशी होतं ते त्याने एकाच भांड्यात उकडलं आणि आपल्या वस्तीचं नाव दिलं. पुढे पोस्ट खात्याने फ्रॉगमोर हे नाव पत्त्यांमधून काढून टाकलं आणि बाहेरचे लोक या प्रकाराला 'लोकंट्री बॉइल' म्हणायला लागले. बेटावर मात्र अजूनही फ्रॉगमोरच!

'सी' आणि 'ओ'चा फंडा

अंगणात पोचलो तेव्हा गॅसच्या शेगडीचा विमानासारखा घुर्रर्र आवाज चालू होता. तिच्यावर लग्नाच्या पंगतीत शोभेल असं अॅल्युमिनियमचं पातेलं आणि त्यात भोकाभोकांची जाळीची टोपली. शेजारी उभे होते सत्तरी ओलांडलेले, डोक्यावर टोपी घातलेले एक गृहस्थ. दादाच्या मित्राचे काका. सगळे त्यांना 'कॅप्टन' म्हणत होते. आयुष्यभर कोळंबीची बोट चालवलेला माणूस!

पाण्यात मीठ, लिंबं, कांदे आणि मूठमूठ मसाला. एवढा, की झाकण उघडलं की समोरचा शिंकणारच. "पाणी खारट लागलं पाहिजे, समुद्रासारखं," कॅप्टन म्हणाले. पहिले बटाटे. पंधरा मिनिटांनी सॉसेजचे तुकडे. मग मक्याची अर्धी अर्धी कणसं. कोळंबी अगदी शेवटी, जेमतेम तीन मिनिटं.

"घड्याळ नको बघू, कोळंबीकडे बघ," ते मला म्हणाले. "इंग्रजी 'सी'सारखी वाकली की झाली. 'ओ' झाली की गेली, मग रबर खायचं."

एक गोष्ट मला फार आवडली. चाळीस माणसं असूनही त्यांनी सगळं एकदम पातेल्यात कोंबलं नाही. दोन घाणे काढले. पातेलं गच्च भरलं की पाणी थंड पडतं, उकळी यायला वेळ लागतो आणि खालची कोळंबी शिजून वरची कच्ची राहते. साधं लॉजिक आहे, पण गर्दी जमली की भल्याभल्यांना घाई होते.

पाकिटामागचं नाव

दुसऱ्या घाण्याची तयारी चालू होती. तेवढ्यात दादा मोठ्या उत्साहाने आमचं पाकीट घेऊन आला. "कमी पडायला नको म्हणून..."

कॅप्टननी खिशातून चष्मा काढला. पाकीट उलटं केलं आणि हळूहळू मोठ्याने वाचलं, "प्रॉडक्ट ऑफ इंडिया."

अंगणात कुणी काही बोललं नाही. फक्त शेगडी घुरघुरत होती.

"तुमच्या गावची आहे का?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

"नाही... म्हणजे बहुतेक आंध्रची असेल," दादा पुटपुटला. मला तर कुठे बघावं तेच कळेना. ज्या माणसाने आयुष्यभर कोळंबी धरली, त्याच्याच अंगणात आम्ही अर्ध्या जगाचा प्रवास करून आलेली कोळंबी भेट द्यायला निघालो होतो!

कॅप्टननी पाकीट परत बर्फात ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "पोरगा होतो तेव्हा या धक्क्याला बोटीला बोट लागलेली असायची. ऐंशीच्या दशकात मला जो भाव मिळायचा, जवळपास त्याच भावाला माझा पुतण्या आज विकतो. डिझेल मात्र तेव्हाच्या भावाला कुणी देत नाही." त्यांनी स्वतःची बोट कधीच विकून टाकली होती.

त्यांच्या बोलण्यामागचं गणित सोपं आहे. अमेरिकेत सगळ्यात जास्त खाल्लं जाणारं सीफूड म्हणजे कोळंबी, आणि त्यातली सुमारे ९० टक्के बाहेरून येते. २०२३मध्ये ती पुरवणाऱ्या देशांत भारताचा नंबर पहिला होता. ही समुद्रात धरलेली नव्हे, तळ्यांत वाढवलेली व्हॅनामी. मुळात ती लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची. २००९मध्ये भारतात तिच्या व्यापारी शेतीला परवानगी मिळाली आणि आंध्रच्या किनाऱ्यावर तळीच तळी झाली.

म्हणजे आंध्रचा शेतकरी व्हिलन झाला का? तसंही नाही. तळ्यात रोग शिरला की एका हंगामाचं कर्ज डोक्यावर बसतं, आणि भाव काय मिळणार हे त्याच्याही हातात नसतं. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा तिथल्या तळेवाल्यांचं धाबं दणाणलं. त्या बातम्या वाचताना मला कॅप्टनच आठवले. दोन टोकांची दोन माणसं. दोघांचाही भाव तिसराच कुणीतरी ठरवतो.

त्या संध्याकाळी मात्र वातावरण फार वेळ गंभीर राहिलं नाही. दुसरा घाणा टेबलावर ओतला गेला आणि एका आजींनी वहिनीला हाताला धरून पुढे ओढलं. कोळंबी सोला, लोण्यात बुडवा, टरफलं तिथेच टाका. बोटं चाटायची लाज नाही. शेवटी कागदासकट सगळं गुंडाळलं की टेबल स्वच्छ! भांडी घासायची कटकट नाही हे बघून वहिनी तर प्रेमातच पडली.

निघताना कॅप्टननी आमच्या डब्यात आमचं पाकीट ठेवलं आणि शेजारी पुतण्याने त्याच दिवशी पकडलेली पांढरी कोळंबी. "दोन्ही तुमच्या पद्धतीने करा आणि फरक सांगा."

अटलांटाला आल्यावर वहिनीने दोन कढयांत केली. तोच लसूण, तेच वाटण, तेच कोकम. आम्ही तिघांनी डोळे मिटून खाऊन बघितली. खोटं कशाला बोलू? मालवणी मसाल्यात कुणालाच सांगता येईना कुठली कुठली ते.

दादाने फोन लावला. स्पीकरवर कॅप्टननी विचारलं, "कळला का फरक?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मग खरं ते सांगून टाकलं.

पलीकडून मोठ्याने हसल्याचा आवाज आला. "तेच तर! मग पोरा, माझ्या पुतण्याला जास्तीचे पैसे कोण देणार?"

दादाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. पण त्या दिवसापासून आम्ही तिघंही पाकीट आधी उलटं करतो.

गच्चीवर करायचंय? (१२ जणांसाठी)

सालासकट कोळंबी पावणेतीन किलो, छोटे बटाटे दोन किलो, स्मोक्ड सॉसेज सव्वा किलो, मक्याची कणसं १२ (अर्धी करून), कांदे ४, लिंबं ६, लसणाचे ३ गड्डे. मसाल्याला मोहरी, धणे, मिरी, लवंग, तमालपत्र, लाल तिखट आणि भरपूर मीठ. पातेलं निदान ३० लिटरचं, तेही निम्मंच पाण्याने भरा. कोळंबीचा धागा कात्रीने पाठीवर चीर देऊन काढा, साल राहू द्या. बटाटे १५ मिनिटं, सॉसेज ५, मका ५, कोळंबी ३. लगेच निथळा, नाहीतर गरम पाण्यात ती शिजतच राहते.

आणि हो, कोळंबी शक्यतो कोळणीकडूनच घ्या. घेताना कुठली आहे ते विचारा. घासाघीस थोडी कमी केली तरी चालेल.