नापू!

मंडळी, 'नापू' म्हटलं की एखाद्या नातवाचं लाडाचं नाव वाटेल ना? पण ही पहिल्या महायुद्धातल्या इंग्रज शिपायांची बोली. ज्यांनी आपल्या 'विलायती'चं 'ब्लायटी' करून टाकलं, त्यांचीच ही करामत!

१९१४ ते १९१८ या काळात आघाडीवरून विश्रांतीला मागे आलेले शिपाई फ्रान्सच्या खेड्यांतल्या छोट्या खानावळींत जात. अंडी, बटाट्याचे तळलेले काप, जोडीला वाइन. जिन्नस संपला की मालकीण सांगे, 'इल नीआं आ प्लू', म्हणजे 'आता उरलं नाही'. शिपायांच्या तोंडी त्याचं झालं 'नापू'.

मग हा शब्द खानावळीबाहेर पडला. सिगारेटी संपल्या? नापू. रजा रद्द झाली? नापू. वस्तू निकामी झाली, तीही नापू. आणि शेजारी झोपणारा सोबती गोळी लागून गेला, तर तोही नापूच. १९१७ च्या 'गुडबाय-ई' या गाण्यात तर हा शब्द निरोपाच्या शब्दांशेजारी जाऊन बसला.

अंड्याला आणि माणसाला एकच शब्द! आपल्याकडे अगदी उलट. आपण नारळ 'वाढवतो', बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणतो, निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. साध्या वस्तूलाही अशुभाचा वारा लागू नये म्हणून केवढी काळजी!

म्हणून ते शिपाई निर्दय होते का? मला नाही वाटत. १ जुलै १९१६ या एकाच दिवशी सोमच्या लढाईत ब्रिटिश सैन्याची १९ हजारांहून अधिक माणसं मेली. एवढ्यांसाठी शब्द आणायचा कुठून? मग रोजच्या वापरातला, हाताशी असलेला शब्दच पुढे केला.

आमचे 'हे' गेले, त्या दिवशी घरात कुणाला काही बोलायला सुचत नव्हतं. संध्याकाळी धाकटे भावजी उठले आणि दूधवाल्याला म्हणाले, "उद्यापासून अर्धा लिटरच टाका." दिवसभरात ते एवढंच बोलले. मला त्यांचा राग आला नाही. त्या अर्ध्या लिटरमध्ये सगळं आलं होतं.

असो. तुमच्या घरातही असा एखादा शब्द असेल. आठवला तर जरूर कळवा.