सूर्यास्तापूर्वीचा केक

इंग्लंडमधील लेस्टर शहरात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य चार वाजण्याच्या आतच मावळतो. बेलग्रेव्ह रोडवर साड्यांचे दुकान असलेल्या एका जैन कुटुंबात या एका गोष्टीमुळे दर हिवाळ्यात घड्याळाशी झटापट चाले. घरातील सासूबाईंचा चौविहार. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही वर्ज्य. त्यांचा संसार बार्शीच्या भुसार पेठेत, अडतीची गादी असलेल्या घरात झाला होता. तेथे ऐन थंडीतही सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जेवण निवांत उरकते. लेस्टरला मात्र दुपारी तीनलाच त्यांचे पान मांडावे लागे. ज्या वेळी सारे शहर चहाचे आधण ठेवी, त्या वेळी सासूबाई तोंड धुऊन प्रतिक्रमणाच्या तयारीला लागलेल्या असत.

इंग्रजांच्या या दुपारच्या चहाची कथा सूनबाईंनी त्यांना एकदा सांगितली होती. 1840 च्या सुमारास बेडफर्डची डचेस अ‍ॅना हिला दुपारी फार गळून गेल्यासारखे होई. श्रीमंत घरांत रात्रीचे जेवण तेव्हा आठ वाजेपर्यंत लांबू लागले होते. मधला वेळ निभावा म्हणून ती आपल्या खोलीत चहा आणि सोबत थोडे खाणे मागवू लागली. पुढे मैत्रिणींना बोलावू लागली आणि त्याचीच रीत पडली. सासूबाईंनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले व म्हणाल्या, "दिवसाउजेडी जेवली असती, तर एवढा खटाटोप पडला नसता."

या चहाच्या टेबलावरचा मानाचा पदार्थ म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या नावाने ओळखला जाणारा स्पंज केक. त्याचे गणित सोपे आहे. अंडी कवचासकट तोलावीत आणि तेवढ्याच वजनाचे लोणी, साखर व मैदा घ्यावा. दोन चकत्यांच्या मध्ये रास्पबेरीचा जॅम, वरून केवळ बारीक साखरेची भुरभुर. इंग्लंडमधील महिला मंडळांच्या स्पर्धांमध्ये मध्ये साय भरलेली किंवा वर नक्षी केलेली चालत नाही. असा केक या कुटुंबाच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या वृद्ध बाई फार उत्तम करीत, आणि अडचणीचे मूळ नेमके तेथेच होते.

कुटुंब त्या घरात राहावयास आले, त्या पहिल्याच रविवारी बाई निळ्या काठाच्या बशीत केक घेऊन दारात उभ्या राहिल्या. हे लोक मांसाहार करीत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. पण इंग्लंडमध्ये अंडी खाणारा माणूसही शाकाहारीच म्हणवतो. त्यामुळे केकविषयी त्यांच्या मनात शंकाही आली नाही. सासरे तेव्हा हयात होते. दारी आलेल्या माणसाची बशी परत करू नये, असे त्यांचे मत. त्यांनी हसून ती घेतली, आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी केक दुकानातल्या नोकरांना वाटून टाकला. बशी रिकामी जाऊ नये म्हणून तिच्यातून चिवडा परत गेला. पुढल्या महिन्यात पुन्हा केक आला, पुन्हा चिवडा गेला, कधी शंकरपाळी गेली. "केक कसा झाला होता?" या प्रश्नाला "फार सुरेख" हे उत्तर ठरून गेले. अशी वीस-बावीस वर्षे लोटली. सासरे गेले, मुले मोठी झाली, पण ते उत्तर बदलले नाही.

सासूबाईंना हे बोचत होते. दर संवत्सरीला त्या नात्यागोत्यातल्या सर्वांना दूरध्वनी करून क्षमा मागत. शेजारच्या दारावर मात्र त्यांचे पाऊल अडखळे. एकदा त्या सुनेला म्हणाल्या, "आपण खाल्लं नाही खरं. पण दुसऱ्याला खायला दिलं, आणि वर छान झाला म्हणून सांगितलं. अंड्याचा दोष टाळला नि खोट्याचा पदरात घेतला."

"पण आई, आता सांगितलं तर त्यांना किती लागेल!" सूनबाई म्हणाल्या.

या उत्तरालाही बरीच वर्षे झाली होती.

गेल्या वर्षभरात मात्र निळ्या काठाची बशी आली नाही. बाईंची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती. लोणी-साखर फेसण्याचे बळ हातांत उरले नव्हते. डिसेंबरातील एका रविवारी त्यांचा वाढदिवस येत होता. त्या दिवशी त्यांना चहाला बोलवायचे, केक आपण करायचा, बिनअंड्याचा करायचा, आणि काय आहे ते सांगून टाकायचे, असे सूनबाईंनी ठरविले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "तीनला बोलाव. मलाही त्यांच्याबरोबर बसता येईल."

ठरविणे सोपे होते. आदल्या रविवारी करून पाहिलेला पहिला केक मध्यभागी खचला आणि विटेसारखा घट्ट झाला. अंड्याचे काम दुहेरी असते. फेसताना ते हवा धरून ठेवते आणि भट्टीत त्याच उष्णतेने घट्ट होऊन केकला उभे राहण्याचा आधार देते. ते काढून टाकले की हवा अन्य मार्गाने आणावी लागते. दह्याची आंबटाई आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की वायूचे बुडबुडे सुटतात. पण ते कोणासाठी थांबत नाहीत. सूनबाईंनी मिश्रण कालवून ठेवले, मग भट्टी तापत घातली आणि मधल्या वेळात दुकानातून आलेला फोन घेतला. वीस मिनिटांत सारे बुडबुडे विरून गेले.

सासूबाईंनी आयुष्यात कधी केक भाजला नव्हता. त्यांनी तो खचलेला गोळा बोटाने दाबून पाहिला आणि विचारले, "सोडा घातल्यावर ढोकळ्याचं पीठ कधी ताटकळत ठेवतेस का? आधी पाणी उकळून घेतो, मग सोडा घालतो. आणि मग ढवळत बसत नाही."

सूनबाईंनी चार पुस्तके चाळली होती. त्यांतील कोणतीही सूचना इतकी नेमकी नव्हती.

दुसऱ्या खेपेस भट्टी आधी 180 अंशांवर तापविली. दीड कप मैदा, सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा तीनदा चाळून घेतला. एक कप ताज्या दह्यात पाऊण कप साखर विरघळविली, त्यात अर्धा कप तेल आणि लिंबाची किसलेली साल घातली. मग मैदा घालून, कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच कालविले. मैदा जितका घोटावा तितका चिवट होतो. मिश्रण लगेच 20 सेंटिमीटरच्या डब्यात ओतून भट्टीत ठेवले. पस्तीस मिनिटांनी मध्ये खुपसलेली सळई कोरडी निघाली. ज्या भगिनी हा केक करून पाहतील, त्यांनी पहिली पंचवीस मिनिटे भट्टीचे दार उघडण्याचा मोह आवरावा.

बेकिंग पावडरचीही एक हकिगत आहे. लेस्टरपासून फार दूर नसलेल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. तिच्यासाठी त्यांनी 1837 मध्ये बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. तिला यीस्टही चालत नसल्याने 1843 मध्ये बेकिंग पावडर बनविली. घरातल्या एका माणसाच्या पथ्यातून मोठा व्यापार उभा राहिला. व्यापारी घरातल्या सासूबाईंना ही गोष्ट डचेसच्या गोष्टीहून अधिक आवडली.

जॅमचा प्रश्न राहिला होता. रास्पबेरी बहुबीज, म्हणून ती बाद. तिच्या जागी जर्दाळू भिजवून, साखरेत आटवून घरीच जॅम केला. केक रात्रभर ठेवून वासी करावयाचा नव्हता. म्हणून रविवारी सकाळपासून स्वयंपाकघरात लगबग होती. दीडला केक भट्टीत गेला, दोननंतर बाहेर आला आणि पूर्ण निवल्यावर आडवा कापून त्यात जॅम भरला. बाई काठी टेकत तीन वाजता आल्या.

त्यांनी पहिला तुकडा खाल्ला, दुसरा तोडला आणि विचारले, "ही माझी कृती नव्हे ना?"

सूनबाईंनी सांगितले. अंडी का खात नाहीत ते सांगितले, आणि इतक्या वर्षांच्या केकचे काय झाले, तेही सांगितले. बाईंनी काटा बशीत ठेवला. त्यांचा चेहरा उतरला, हे तिथे बसलेल्या साऱ्यांना दिसले. सासूबाईंचे इंग्रजी चार शब्दांचे. त्या उठल्या, बाईंसमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडून "मिच्छामि दुक्कडं" म्हणाल्या. त्याचा अर्थ सूनबाईंनी सांगितला.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाईंनी विचारले, "मग तो खात कोण होतं?"

"दुकानातल्या मुली. पोलंडहून आलेली एक मुलगी तर महिन्याच्या त्या सोमवारी डबाच आणत नसे."

"तिला आवडत होता?"

"फार."

बाई हसल्या, पण लगेच नव्हे. सासूबाईंची नजर घड्याळाकडे गेली. साडेतीन होत आले होते. त्यांनी आपल्या बशीतला केक घेतला, सावकाश चावून खाल्ला, त्यावर चहा घेतला, मग पाणी पिऊन हात धुतले. केक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच चाखला होता. चव कशी आहे, असे नातीने विचारताच त्या म्हणाल्या, "साखर जराशी कमी चालली असती."

बाहेर अंधारू लागले, तेव्हा बाई आपल्या लहानपणाविषयी बोलू लागल्या. महायुद्धात अंडी रेशनवर होती. माणशी आठवड्याला एक ताजे अंडे, तेही दुकानात आले तर. एरवी अंड्याची भुकटी. युद्ध संपले तरी अंड्यांवरचे नियंत्रण 1953 पर्यंत राहिले. त्या काळात त्यांची आई सोडा आणि सिरका घालून बिनअंड्याचा केक करी. "आम्हांला तोच केक वाटायचा," त्या म्हणाल्या. "अंडी मुबलक झाली आणि आम्ही तो विसरलो."

उरलेले दोन तुकडे निळ्या काठाच्या बशीतून त्यांच्याबरोबर गेले. ती बशी वर्षभर याच घरात पडून होती.

दोन दिवसांनी बशी परत आली. तिच्यात केक नव्हता. कडा पिवळ्या पडलेला एक कागद होता, त्यावर बाईंच्या आईच्या हस्ताक्षरातली कृती. नातीने ती एकेक ओळ करून आजीला मराठीत वाचून दाखविली. मैदा, साखर, दूध, सोडा इथवर सासूबाईंनी मान डोलावली. सिरक्याचे नाव येताच त्यांनी हात वर केला.

"तो आंबवलेला असतो. तिथे लिंबू लिही," त्या म्हणाल्या. "पण त्या कागदावर नको, वेगळ्या कागदावर. आणि तो कागद जपून परत दे."