डाख काढताना

सर्किट बोर्डावर डाख लावणे थोड्या सरावाने कोणालाही जमते. लावलेला डाख काढणे मात्र संयमाची परीक्षा पाहते. निवृत्तीनंतरची अकरा वर्षे मी जुने ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त करण्याच्या छंदात घालविली. अशा रेडिओंतील कॅपॅसिटर बहुधा वाळून निकामी झालेले असतात. ते बदलायचे, तर त्यांचे पाय ज्या कथील-शिशाच्या मिश्रणाने बोर्डाला जखडलेले असतात, ते मिश्रण, म्हणजेच सोल्डर किंवा डाख, आधी वितळवून काढावे लागते. आज बहात्तराव्या वर्षीही हा छंद चालू आहे. तथापि तो चालू ठेवावा की नाही, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात गंभीरपणे उभा राहिला. त्याला कारणे दोन: माझ्या उजव्या हाताचा वाढता कंप आणि नुकताच रांगू लागलेला नातू.

प्रथम कामाविषयी थोडे सांगतो. ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे असलेला डाख सुमारे १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळतो. सोल्डरिंग आयर्नचे टोक त्यासाठी ३०० अंशांच्या वर तापवावे लागते. डाख वितळला की तो स्प्रिंगच्या पंपाने ओढून घ्यायचा, किंवा तांब्याच्या विणलेल्या पट्टीत टिपून घ्यायचा. फार जुना डाख लवकर वितळत नाही. अशा वेळी त्यावर थोडा ताजा डाख लावला, की दोन्ही मिळून सहज वाहू लागतात. घाईने पाय उपसू गेले, तर बोर्डावरील तांब्याचा पातळ पत्राच उचलला जातो. सुटा होईपर्यंत ओढायचे नाही, हा या कामाचा पहिला नियम.

आता आरोग्याचा मुद्दा. नवे जोड देताना शिसेविरहित डाख वापरता येतो. परंतु जुन्या रेडिओतला डाख काढताना शिशाची गाठ पडतेच. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. डोळ्यांना झोंबणारा धूर असतो तो डाखातल्या राळेचा, आणि दम्याच्या रुग्णाला तो बाधू शकतो. शिसे शरीरात जाते ते मुख्यतः बोटांवरून तोंडात. पंप रिकामा करताना त्यातून डाखाचे बारीक कण आणि भुकटी पडते. मोठ्यांच्या ते ध्यानीही येत नाही. रांगणारे मूल मात्र जमिनीवरचे सारे काही तोंडात घालते. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी मुलांसाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा दुष्परिणाम होतो.

हे वाचल्यावर मुलगा म्हणाला, “बाबा, आता हे पुरे. वाचन करा, फिरायला जा.” त्याची काळजी रास्त होती. मी काहीच बोललो नाही. पण पत्नीच्या निधनानंतर ज्या टेबलाने माझ्या दुपारी सावरल्या, ते टेबल उचलले जाणार, या विचाराने त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सूनबाईने वही घेतली आणि शांतपणे विचारले, “बाबा, नेमका धोका कुठे कुठे आहे, ते आपण लिहून काढू या का?”

त्या यादीतून आमची व्यवस्था उभी राहिली. टेबल दिवाणखान्यातून माडीवरच्या खोलीत गेले. त्या खोलीचे दार बंद असते आणि नातवाला तेथे प्रवेश नाही. खिडकी उघडी, आणि धूर चेहऱ्यापासून दूर नेणारा लहान पंखा. पंप झाकणाच्या डब्यात रिकामा करायचा. टेबल व फरशी ओल्या फडक्याने पुसायची. कोरडा झाडू फिरवायचा नाही, कारण त्याने भुकटी उडते. ते फडके वेगळे ठेवायचे. काम करताना चहा, सुपारी, काहीही नाही. उठताना साबणाने हात धुवायचे, कामाचा सदरा तेथेच काढून ठेवायचा आणि मगच नातवाला उचलायचे.

हाताच्या कंपाबद्दल आम्ही न्यूरॉलॉजिस्टना भेटलो. हात स्वस्थ असताना थांबणारा आणि काम करताना वाढणारा हा कंप पार्किन्सनचा नव्हे, असे त्यांनी तपासून सांगितले. अर्थात हे निदान ज्याने त्याने स्वतः करू नये. त्यानंतर बोर्ड पकडायला लहान शिकंजा आणला. दोन्ही कोपरे टेबलावर टेकलेले असतात. डोक्याला लावायचे भिंग आणि डाव्या बाजूने येणारा स्वच्छ प्रकाश यांमुळे हात पुष्कळ स्थिरावतो. एका बैठकीत पाऊण तासापेक्षा अधिक काम नाही, आणि घरात कोणी नसताना आयर्न तापवायचे नाही.

काही गोष्टी सोडाव्याही लागल्या. व्हॉल्व्हचे जुने रेडिओ आता मी उघडत नाही. त्यांतील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही घातक भार साठून राहू शकतो. एका मधुमेही मित्राच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे. त्याला चटका वेळेवर कळत नाही, म्हणून तो बोर्ड तपासतो आणि तापलेले आयर्न माझ्या हाती असते. हृदयाला पेसमेकर असणाऱ्यांनी विजेवरची अशी साधने हाताळण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.

घरातील वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते: छंदातला धोका दिसला, तर तो नेमका कोठे आहे ते आधी त्यांच्याबरोबर बसून पाहावे. पुष्कळदा एक खोली बदलून, एक भिंग आणून भागते. जेथे भागत नाही, तेथे सोडण्याचा निर्णय माणूस स्वतः घेतो, आणि तो त्याला कमी जड जातो. गेल्या महिन्यात मी तपापूर्वी बंद पडलेला शेजाऱ्यांचा रेडिओ पूर्ववत केला. माडीवरून हात धुऊन खाली आलो, तेव्हा विविध भारतीचा आवाज ऐकून नातू चालत, अडखळत रेडिओपाशी आला होता.